मिठाच्या पाण्याचा हबका

आमच्या परचेसच्या बाई कोणावर तरी चिडलेल्या नाहीत असा दिवस मला आठवत नाही. पंख्यावर चिडायच्या, कारण तो वारा देण्याऐवजी कागद उडवायचा. टेलिफोनवर चिडायच्या. खोक्यावर बाण काढून ‘ही बाजू वर’ असं ठळक लिहिलेलं असताना ते उलटं ठेवणाऱ्यावर तर इतक्या चिडायच्या की आमचा वॉचमन माल आला की आधी मान तिरकी करून बाण शोधायचा. आणि वाईट हे की त्यांचा राग बहुतेक वेळा बरोबर असायचा. उगाच चिडणाऱ्या माणसाला लोक माफ करतात, तापट आहे म्हणतात आणि सोडून देतात. बरोबर चिडणाऱ्याला कोणी माफ करत नाही.

त्यातला थोडा राग त्या मला देऊन गेल्या. अजूनही मी कुठे तोंड उघडलं की माझा नवरा म्हणतो, आल्या, तुझ्या अंगात त्या बाई आल्या. येऊ देत. अधूनमधून कोणाच्या तरी अंगात त्या यायलाच हव्यात.

अंबरनाथ एमआयडीसीत आमची पंप बनवणारी कंपनी होती. कंपनी म्हणजे खाली मशीन शॉप आणि वर लोखंडी जिना चढून गेलं की ऑफिस. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी बदलापूरपलीकडच्या गावातली, आगऱ्याची पोर. बारावीनंतर टायपिंगचा क्लास केला आणि बाईंच्या हाताखाली लागले. पहिल्या दिवशी दुपारी मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून डबा उघडला. डब्यात सुकट होती. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

“काय आहे?”

“सुकट,” मी झाकण अर्धवट लावत म्हटलं.

“मग चोरून काय खातेस? चोरीची आहे?”

मी नाही म्हणाले. तशी माझा डबा स्वतः उचलून त्यांनी तो टेबलाच्या मधोमध नेऊन ठेवला. तिथे बसलेल्या लोकांच्या नाकपुड्या हलल्या. बाईंनी सुकटीचा घास घेतला, “खारट आहे, आईला सांग,” म्हणून मलाच झापलं, आणि माझी भीती तिथेच संपली.

बाई उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये राहायच्या. वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, त्यांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. घरून फोन आला की बाईंचा पहिला शब्द ‘जय भीम’, आणि तोही असा की खालच्या लेथवाल्यालाही ऐकू जावा. लग्न केलेलं नव्हतं. “चौकशा करायला आले होते पुष्कळ. सगळे गणंग,” एवढंच त्याबद्दल सांगायच्या. लाह्या भाजताना जो दाणा काही केल्या फुटत नाही, तळाशी काळा पडून बसतो, तो गणंग. बाईंच्या मते निम्मी दुनिया गणंगांनी भरलेली होती.

कॅम्पातल्या सिंध्यांशी त्या फोनवर अर्ध्या सिंधीत, अर्ध्या हिंदीत भांडायच्या. “साईं, कीअं आहियो? अच्छे हो? अच्छे कैसे हो? वो जो माल भेजा है, वो गॅस्केट है के पापड? मोड के देखा, टूट गया. वापस लेके जाओ, और गाडी का भाडा भी तुमही दोगे.” पलीकडचा माणूस हसायचा, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नसायचं. बाजारातले ते लोक त्यांना टरकून असायचे, आणि दिवाळीला सगळ्यात आधी मिठाई त्यांच्याच घरी पाठवायचे.

आता डब्याचं सांगते, कारण राग खरा तिथूनच सुरू होतो.

आमच्याकडे दुपारी दोन टेबलं जोडून सगळे एकत्र जेवायचे. प्रत्येकाने आपली भाजी डब्याच्या झाकणात काढून पुढे सरकवायची, झाकणं फिरायची, ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं. बाईंचं झाकणही फिरायचं. भरली वांगी, चवळीची उसळ, कधी हिरव्या मिरचीचा झणझणीत ठेचा. ते झाकण टेबलाला एक पूर्ण फेरी मारून, जसं निघालं होतं तसंच, बाईंच्या पुढ्यात परत यायचं.

नाही असं कोणी म्हणायचं नाही. म्हणतील कशाला? सुशिक्षित माणसं. एकाचा सोमवार असायचा, एकाची चतुर्थी. स्टोअर्सच्या काकांना वांगं वातूळ पडायचं आणि चवळीही वातूळ पडायची, पण शेजारच्या डब्यातला वाटाणा मात्र पडायचा नाही. अकाउंट्सच्या ताई होत्या, त्या तर इतक्या गोड नकार द्यायच्या की ऐकणाऱ्याला आपण काहीतरी मिळवलं असं वाटावं. “अय्या, बाई, काय छान रंग आलाय हो! आज नेमका माझा गुरुवार. तुमच्या हातचं खायचंय मला, एकदा निवांत.” ते निवांत कधी आलं नाही.

या ताईंबद्दल मला खोटं बोलायचं नाही. कोणाच्या घरी मयत झालं तर सगळ्यात आधी त्या जायच्या. माझा भाऊ आजारी होता तेव्हा रोज चौकशी करायच्या. सबंध नोकरीत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. अशा माणसांचाच मला जास्त राग येतो. आवाज चढवणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

मी एकदा बाईंना म्हटलं, “बाई, घेत नाहीत ना कोणी, मग तुम्ही रोज झाकण पुढे करता कशाला?”

बाईंनी माझ्याकडे, खोकं उलटं ठेवणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. “मी विचारायचं सोडलं तर त्यांचं काम सोपं होईल. रोज नवीन उपास शोधायला लागतोय ना? शोधू देत. या ऑफिसात देव कमी आणि उपास जास्त.”

घरी आईला हे सांगितलं तर ती हसली. “तुज्या हापिसान लोका जेवतान का रोज उपासच धरतान गो?” मला काही हसू आलं नाही.

अशात त्या दिवाळीला मायक्रोवेव्ह आला. पॅकिंगचं सामान पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने तो आमच्या शेठला भेट दिला. शेठच्या घरी आधीच एक होता, म्हणून हा ऑफिसच्या पॅन्ट्रीत येऊन बसला. पांढरं खोकं, काचेचं दार, आत फिरती काचेची थाळी. हात लावायची कोणाची छाती होईना. आत विजेचे किरण असतात, डोळे जातात, असं स्टोअर्सच्या काकांनी सांगून ठेवलेलं. ताईंनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला, वर प्लॅस्टिकच्या गुलाबांची फुलदाणी ठेवली. आणि एकाही माणसाने त्यात पाण्याचा थेंबसुद्धा गरम केलेला नसताना त्याच्या दारावर कागद लागला: ‘यात मांसाहारी पदार्थ गरम करू नयेत.’

म्हणजे माझी सुकट बाद. मी गप्प बसले असते. बाई बसल्या नाहीत. “मशीनचा वापर शून्य आणि नियम पहिला,” असं म्हणत त्यांनी फुलदाणी उचलून खिडकीत ठेवली, रुमालाची घडी करून ताईंच्या टेबलावर ठेवली आणि खोक्यातली माहितीपुस्तिका बाहेर काढली. ती पुस्तिका त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, धोक्याच्या सूचनांसकट, वाचली. त्यात एके ठिकाणी कागदी पिशवीतल्या पॉपकॉर्नचं चित्र होतं. बाईंनी त्या चित्रावर बोट ठेवलं.

“लाह्या,” त्या म्हणाल्या. “हे जमेल.”

पहिल्या खेपेला काही जमलं नाही. बाईंनी साधा मका आणला होता. दाणे फुटायचं नाव घेईनात. तसेच तापून तडकले आणि जळाले, आणि जिन्याखालपर्यंत धूर गेला. स्टोअर्सचे काका डोळ्यांवर हात धरून बाहेर पळाले. बाई संध्याकाळी कॅम्पातल्या दुकानदाराकडे जाऊन भांडल्या. त्याने सांगितलं की पॉपकॉर्नचा मका वेगळा असतो, बारीक, कडक, आणि तो मुंबईहून मागवावा लागतो. “तर मग काल विकताना तोंडात काय होतं?” असं त्याला विचारून त्यांनी तो मागवायला लावला.

मग मात्र जमलं, आणि असं जमलं की आमच्या ऑफिसात चार वाजण्याला अर्थ आला. एका किराणावाल्याकडून बाईंनी कोऱ्या खाकी पिशव्यांचा गठ्ठा आणून ठेवलेला. वाटीत मूठभर दाणे, त्यावर चमचाभर तेल, चिमूट हळद. ते पिशवीत घालायचं आणि पिशवीचं तोंड दोनदा दुमडायचं. पिन मारायची नाही. पिन मारली तर आत ठिणग्या उडतात, हे पुस्तिकेत होतं. मग बाई त्या काचेच्या दाराला कान लावून उभ्या राहायच्या. आधी नुसती घरघर, मग एक टप्, मग तडतडाट. तो ओसरून दोन आवाजांमध्ये श्वास घेण्याएवढी फट पडली की बाई खटकन दार उघडायच्या.

“अजून राहिलेत की थोडे,” मी पहिल्यांदा म्हटलं होतं.

“राहू देत. सगळे फुटायची वाट बघत बसलं तर फुटलेले जळतात.”

पिशवी टेबलाच्या मधोमध फाडून पसरायची, ताटल्या नाहीत, वाट्या नाहीत, ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यायचं, असा त्यांचा नियम होता. आणि लोक घ्यायचे! पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, आज सगळ्यांचा एकदम निर्जळी उपास निघणार. पण ताईंनी मूठ भरली. स्टोअर्सच्या काकांनी दोन्ही हातांनी घेतले. ड्रॉइंगचा मुलगा तर पिशवीच्या कोपऱ्यातला चुरासुद्धा बोटाने टिपायचा. चारला शेजारच्या केमिकल कंपनीतून कुजक्या अंड्यांसारखा वास सुटायचा, खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या. त्या बंद खोलीत पॉपकॉर्नच्या वासाने सगळ्यांचे चेहरे उजळायचे. “बाई, तुमच्या हाताला चव आहे हो,” असं ताई म्हणाल्या तेव्हा मी बाईंकडे बघितलं. बाई हसत नव्हत्या. त्या ताईंच्या हाताकडे बघत होत्या.

नंतर कपाटाशी उभं असताना त्या मला हळूच म्हणाल्या, “दुपारी माझी चवळी नको होती. चारला लाह्या चालल्या. कारण सांग.”

मी भाबडेपणाने म्हटलं, “मशीनमध्ये होतात म्हणून असेल.”

“विचार आईला,” बाई म्हणाल्या.

आईला विचारलं. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता, पावसापाण्याचं बोलावं तशी बोलली. “कोरऱ्या दान्याला इटाल नसतं गो. चनं, कुरमुरं, लाया, कुनाच्या पन हातच्या चालतान. पानी लागला का मग नाय चालत. आपल्यान पन होता त्यो रिवाज.”

माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. म्हणजे ती मूठभर पांढरी फुलं तोंडात टाकताना त्या सगळ्यांच्या डोक्यात हा विटाळ होता? ताईंच्या, काकांच्या? ऑफिसातले सगळे डिग्रीवाले, आमची कंपनी दुबईला पंप पाठवणारी, आणि हिशेब हा की दाणा कोरडा आहे की ओला! दुसऱ्या दिवशी मी बाईंना तावातावाने सांगायला गेले, तर त्या शांतपणे पेन्सिलीला टोक करत म्हणाल्या, “मला लहानपणापासून ठाऊक आहे. शेजारची सिंधी काकी घरदार सोडून परमुलखात आली, ती माझ्या आईच्या हातचं पातळ कालवण वाटी पुढे करून घ्यायची. यांना टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला यायचं नाही.”

“मग तुम्ही त्यांना लाह्या देता कशाला?”

“बघू की. कुठपर्यंत येतात.”

आणि पुढचं सगळं खुद्द ताईंनीच केलं, हे मी कधी विसरणार नाही. एके दिवशी त्या म्हणाल्या, “बाई, सगळं छान, पण मीठ लागत नाही हो दाण्याला. सगळं खालीच राहतं.” खरंच राहायचं. मीठ कोरडं, लाही कोरडी, एकमेकांना धरायचं कारणच नाही. बाईंनी विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून मीठ पाण्यात विरघळवून आणायला सुरुवात केली. घरून, पाण्याच्या लहान बाटलीतून. पिशवीत घालायच्या आधी दाण्यांवर त्या पाण्याचा हलका हबका मारायचा, की झालं. प्रत्येक लाहीला सारखं मीठ. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाटली रोज टेबलावर, टेलिफोनशेजारी उभी असायची. कोणी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

महिना-दीड महिना लोक खात होते. “आता कसं!” म्हणून ताईच सगळ्यांना सांगत होत्या. कोणाला काही झालं नाही. कोणाची जीभ झडली नाही, कोणाचा देव कोपला नाही, उलट स्टोअर्सच्या काकांचं वजन वाढलं.

मग एका दुपारी ताई कप धुवायला पॅन्ट्रीत आल्या, आणि बाई वाटीवर हबका मारत होत्या. मी दारातच होते.

“हे काय घालताय?” ताईंनी विचारलं.

“मीठ. तुम्हीच म्हणाला होतात, लागत नाही.”

“नाही, पण हे पाणी...?”

“मिठाचं पाणी.”

“हो, पण कुठलं?” ताईंचा आवाज तेव्हाही गोडच होता. “म्हणजे इथलं, कूलरचं?”

“माझ्या घरचं,” बाई म्हणाल्या.

ताई “अच्छा” म्हणाल्या आणि कप न धुता निघून गेल्या.

चार वाजता बाईंनी नेहमीसारखी पिशवी टेबलाच्या मधोमध फाडली. लाह्या त्या दिवशी नेहमीपेक्षा फुललेल्या होत्या. एकही हात आला नाही. ताईंना ॲसिडिटी होती. स्टोअर्सच्या काकांची दाढ दुखत होती. ड्रॉइंगचा मुलगा, चुरा टिपणारा, खाली मान घालून रबराने कागदावरची एक रेघ खोडत बसला, आणि ती रेघ केव्हाच खोडून झालेली होती. अर्ध्या तासात ही बातमी टेबलाटेबलावर कशी फिरली असेल, कोणत्या शब्दांत फिरली असेल, याचा विचार करून आजही माझं डोकं फिरतं.

बाई उभ्याच होत्या. त्यांनी एकेकाला नावाने हाक मारून “घ्या” म्हटलं. एकेकाने आपलं दुखणं सांगितलं. मग बाईंनी विचारलं, “तुमच्या नागपंचमीच्या लाह्यांना आदल्या रात्री पाण्याचा हबका मारून ठेवतात ना? त्याशिवाय ज्वारी फुलते का?”

काकांनी दाढेवर हात दाबून धरला.

“आणि हे पाणी तरी कुठलं? बदलापूरच्या बंधाऱ्यावरून येतं, तेच माझ्या नळाला, तेच तुमच्या नळाला. माझ्या बाटलीत शिरलं की त्याला काय होतं? नाही, मला समजून घ्यायचंय.”

“बाई, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय,” ताई म्हणाल्या. “ज्याची त्याची तब्येत असते.”

मी पुढे झाले आणि मूठ भरून खाल्ली. बाईंनीही खाल्ली. आमच्या दोघींच्या लाह्या चावण्याचा आवाज सगळ्या ऑफिसभर ऐकू येत होता.

ते एवढ्यावर थांबेल असं मला वाटलं, पण गोड माणसं काम अर्धवट सोडत नाहीत. दोन दिवसांनी शेठच्या केबिनमधून टाइप करायला एक मजकूर माझ्याकडे आला. मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न करू नये, त्याने ऑफिसात वास पसरतो व मशीन खराब होते, अशी सूचना. वास! खिडक्या लावूनही घसा जाळणारा शेजारचा वास आम्ही वर्षानुवर्षं निमूट ओढत होतो, त्याबद्दल या लोकांनी कधी चिटोरं लिहिलं नव्हतं. माझी बोटं टाइपरायटरवर आपटायला लागली. बाईंनी मागून येऊन ते वाचलं.

“थांब. कारण चुकलंय.”

त्यांनी कागद मशीनमधून ओढून काढला आणि तडक केबिनमध्ये गेल्या. केबिन म्हणजे प्लायवूडची भिंत. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“शेठ, मी लाह्या बंद करते. आत्ता करते. फक्त यात खरं कारण लिहा.”

“अरे मॅडम, जाने दो ना. इतनी सी बात.”

“इतनी सी है तो लिखो. लिहा, की बाईंच्या घरचं पाणी चालत नाही. खाली तुमची सही करा. मी स्वतः दारावर चिकटवते.”

मग शेठचा आवाज आला, “ऐसा कैसे लिखूं मैं?”

“मग असं वागतात कसं?” बाई म्हणाल्या.

शेठने तो कागद चुरगाळला. त्याच दिवशी चारला तो केबिनमधून बाहेर आला आणि पिशवीतून बचकभर लाह्या घेऊन गेला. त्याला थोर म्हणायची गरज नाही. त्याला पॉपकॉर्न आवडायचे आणि बाईंसारखा भाव पाडून आणणारा दुसरा माणूस त्याच्याकडे नव्हता, इतकंच. पण त्याने खाल्लं, आणि पाणी कुठलं ते विचारलं नाही.

बाईंनी त्यानंतर एकही दिवस चुकवला नाही. चार वाजले की मशीनची घरघर, खटकन दार, पिशवी मधोमध. मी खायचे, कधी शेठ खायचा. आणि बाई रोज, न चुकता, प्रत्येकाला नावाने विचारायच्या. लोकांना चारच्या सुमाराला खाली शॉपमध्ये कामं निघायला लागली. मला त्या विचारण्याची लाज वाटायला लागली होती. मी म्हटलंही, “पुरे आता, बाई.” त्या म्हणाल्या, “तुला लाज वाटते? अगं, ती त्यांच्या वाटणीची आहे. तू कशाला उचलतेस?”

काही महिन्यांनी ड्रॉइंगचा मुलगा जिना उतरता उतरता परत फिरला. टेबलाशी आला, एक लाही उचलली, मग मूठ भरली. मला वाटलं बाई आता काहीतरी बोलतील. त्यांनी पिशवी फक्त त्याच्या बाजूला सरकवली आणि नव्या खोक्याचा बाण उलटा आहे म्हणून वॉचमनवर ओरडायला निघून गेल्या. तेवढा एकच. बाकीचे तळाशी राहिले ते राहिलेच.

बाई रिटायर झाल्या तेव्हा कंपनीने निरोप-समारंभ केला. दुकानातून आणलेला चिवडा, दुकानातून आणलेले पेढे. सगळं बाहेरचं, त्यामुळे कोणाचा उपास नव्हता, कोणाची दाढ दुखत नव्हती. बाई मधल्या खुर्चीवर, गळ्यात हार, चेहरा नेहमीसारखा चिडका, कारण हाराचं पाणी साडीवर ठिबकत होतं. शेठने नारळ दिला. मग ताई बोलायला उभ्या राहिल्या, हातात चिवड्याची प्लेट तशीच. आपलं ऑफिस म्हणजे एक कुटुंब आहे, असं म्हणाल्या. आपण इतकी वर्षं एका टेबलावर जेवलो, असं म्हणाल्या. बाईंच्या हातची चव आपण सगळे विसरणार नाही, असंही म्हणाल्या. मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की त्याची पट्टी माझ्या तळव्यात उमटली. बोलता बोलता ताईंनी चिवड्याचा एक घास तोंडात टाकला, आणि त्यांना ठसका लागला.

साधा ठसका नव्हता. शेंगदाणा कुठेतरी अडकला असावा. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, हाताने हवेत काहीतरी मागायला लागल्या. कूलर त्या दिवशी बंद होता. टेबलावर पाणी एकच होतं, बाईंची बाटली, नेहमीच्या जागी, टेलिफोनशेजारी. मिठाची नव्हे, पिण्याच्या पाण्याची. बाईंनी झाकण काढलं, ग्लासात पाणी ओतलं आणि ग्लास ताईंच्या पुढे धरला.

ताईंनी ग्लास हातात घेतला. ओठांजवळ नेला. मी बघत होते, सगळे बघत होते. खोकल्याने त्यांचं अंग हलत होतं, ग्लासातलं पाणी हिंदकळून त्यांच्या मनगटावर सांडत होतं. त्यांनी तो ग्लास टेबलावर ठेवला आणि खोकत, भिंतीला हात लावत, बेसिनच्या नळाकडे चालायला लागल्या. तो पॅसेज लांब होता. त्यांचा खोकला पॅसेजच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

“जा,” बाई मला म्हणाल्या, “पाठीवर थाप मार. घुसमटेल ती.”

“मरू दे,” मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. आणि ते शब्द मी आजही परत घेत नाही.

बाईंनी माझ्याकडे रागाने बघितलं. मग गळ्यातला हार काढून खुर्चीवर टाकला आणि स्वतः उठून गेल्या. आम्ही मागे धावलो. ताई बेसिनला धरून वाकल्या होत्या, नळ नुसता फुसफुसत होता, त्याला पाणीच नव्हतं. बाईंनी एका हाताने त्यांचा खांदा धरला आणि दुसऱ्या हाताने पाठीवर थापा घातल्या. दाणा बाहेर पडला, ताईंना श्वास आला, तरीही बाई थापा घालत होत्या. दाण्यासाठी लागतात त्यापेक्षा त्या बऱ्याच जास्त होत्या आणि चांगल्याच जोरात होत्या. माझं विचाराल तर अजून दोन घालायला हव्या होत्या.